तज्ज्ञ प्राध्यापक, फोनवर: १९ वर्षं वापरलेल्या सेवेचा अभिप्राय

मागच्या महिन्यात आमच्या जुन्या ऑफिसातली एक नवी मुलगी विश्रामबागेत माझ्या घरी आली. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं, मग हळूच म्हणाली, “ताई, तुमची ती वही देता का? झेरॉक्स काढून लगेच परत आणते.”

ती वही अडत दुकानात असते तशी, लांबडी, लाल कापडी पुठ्ठ्याची. सांगलीच्या एका दैनिकात मी जिल्हा पानावर रात्रपाळी केली. २००५ च्या पुरानंतर लागले आणि २०२४ च्या लोकसभा निकालानंतर थांबले. या १९ वर्षांत जमवलेले प्राध्यापकांचे फोन नंबर त्या वहीत आहेत. पाणी, भूगर्भ, शेती, अर्थ, राजकारण, मानसशास्त्र अशी पानं पाडलेली, आणि प्रत्येक नंबरापुढे माझी खूण. ‘सकाळी नको.’ ‘दहा मिनिटं प्रस्तावना, मग उत्तम.’ ‘फोटो कुठला लावणार ते आधी विचारतात.’ ‘विषय सोडून पळतात, दावं धरून ठेवावं.’ मुलगी वाचून खो खो हसली. “ताई, हे तर रिव्ह्यूच आहेत की!”

आहेतच म्हटल्यावर नीट लिहूनच काढते.

सेवा अशी आहे. बातमी येते, आपल्याला तिच्यातलं कळत नाही, वाचकालाही कळणार नसतं. मग विलिंग्डन कॉलेज असो, वालचंद कॉलेज असो, नाहीतर कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ, त्या विषयाच्या सरांना फोन लावायचा. ते बोलतात, आपण उतरवून घेतो, सकाळी ‘तज्ज्ञ म्हणतात’ अशी चौकट. पैसे कुणी मागत नाही, कुणी देत नाही. रात्री पावणेदहाला केला तरी दहातले सात जण फोन उचलतात. ओळखदेख नसलेल्या बाईला, जेवणाच्या ताटावरून उठून, वर्षभराचा अभ्यासक्रम पाच मिनिटांत समजावून सांगणारी दुसरी कुठली सेवा या गावात आहे ते सांगा. आमचा प्लंबर दिवसासुद्धा फोन उचलत नाही.

सगळ्यात चांगला अनुभव मला सगळ्यात वाईट आठवड्यात आला. ऑगस्ट २०१९. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी, ४५ ही धोक्याची. पाणी ५७ च्या वर गेलं. मारुती चौक, टिळक चौक, गणपती पेठ, सगळं पाण्याखाली. ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली. आमचं ऑफिस उंचावर असल्यानं अंक निघत होता, पण गावभागातल्या माहेरच्या घरात पाणी शिरलेलं आणि आई मिरजेला मावशीकडे. अशात एका बातमीदाराची कॉपी आली. वरच्या परिच्छेदात ‘एक लाख क्युसेक’, खालच्या परिच्छेदात ‘एक लाख टीएमसी’. त्याला विचारलं तर म्हणाला, “एकच असतंय ते ताई.” तोही तीन रात्री झोपला नव्हता.

मी वहीतल्या ‘पाणी’ पानावरचा पहिला नंबर लावला. सिव्हिल इंजिनिअरिंग शिकवून निवृत्त झालेले सर. कुठून बोलताय, कशाला बोलताय, काही नाही. म्हणाले, “कागद घ्या.”

मी लाइट बिल उलटं केलं.

“टीएमसी म्हणजे टाकीत किती आहे. क्युसेक म्हणजे नळातून किती वेगानं येतंय. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. दिवसाचे सेकंद किती?”

मला येईना.

“८६,४००. गुणा एक लाखानं.”

गुणलं. ८६४ कोटी.

“म्हणजे ८.६४ टीएमसी. एक लाख क्युसेक अख्खा दिवस सोडलं तर कोयना धरणातलं एवढं कमी होतं. कोयना १०५.२५ टीएमसीची. आणि वरनं पाऊस ओततोच आहे. आता सांगा, ‘दोन दिवसांत धरण रिकामं करा’ म्हणणाऱ्याला काय सांगाल?”

तेवढं गणित मी जसंच्या तसं चौकटीत टाकलं. दुसऱ्या दिवशी आमच्या फोटोग्राफरला मिरजेच्या एका छावणीत ती चौकट कापून भिंतीला चिकटवलेली दिसली, बाजूला कुणीतरी बॉलपेननं गुणाकार पडताळून पाहिलेला. १९ वर्षांत माझ्या हातून गेलेल्या कुठल्या मजकुराला एवढा मान मिळाला असेल असं वाटत नाही, आणि त्यातला एक शब्दही माझा नव्हता.

मग मी पुढचा प्रश्न विचारला, जो तेव्हा सगळी सांगली विचारत होती. कर्नाटकातल्या आलमट्टी धरणामुळे पूर आला का?

“आलमट्टीची आणि हिप्परगी बंधाऱ्याची या आठवड्यातली रोजची पातळी, आवक आणि विसर्ग मला मिळवून द्या. वर दोन दिवस द्या. मग बोलतो. आत्ता बोललो तर मी आणि पानपट्टीवरचा माणूस सारखेच.”

त्याच संध्याकाळी एका चॅनेलवर सहा खिडक्यांतल्या एका खिडकीत बसून एक प्राध्यापक बोटं नाचवत ‘शंभर टक्के आलमट्टी’ म्हणत होते. खाली पट्टीवर ‘जलतज्ज्ञ’. माझ्या वहीत ते ‘अर्थ’ या पानावर आहेत. अर्थशास्त्रच शिकवतात, बरंही शिकवतात म्हणे. त्यांना जलतज्ज्ञ कुणी केलं? चॅनेलवर पट्टी टाइप करणाऱ्या पोरानं. आणि त्यांनी ती पट्टी काढायला सांगितली नाही. माझा आक्षेप एवढाच.

आमच्याकडे मथळा नव्हता, दुसऱ्यांकडे होता. वृत्तसंपादक वैतागले, “आपल्या सरांना काहीच ठाऊक नाही का?” पुढे सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीचा अहवाल २०२० मध्ये आला, त्यात सांगली-कोल्हापूरच्या पुराला आलमट्टीची फूग, म्हणजे धरणामुळे मागे तुंबणारं पाणी, कारण नसल्याचं म्हटलं होतं. सांगलीत ते सगळ्यांना पटलेलं नाही. धरणाची पातळी ५१९.६० वरून ५२४.२५६ मीटरवर न्यायचा विषय कर्नाटकात निघाला की इथं पुन्हा मोर्चे निघतात. आमच्या सरांनाही अहवालातल्या दोन मुद्द्यांवर शंका होत्या. पण त्या त्यांनी पुढच्या वर्षी आकडे हाताशी घेऊन, चार पानं लिहून मांडल्या. ती चार पानं आम्ही छापली नाहीत. जागा नव्हती.

भूकंपाचं खातं मात्र सोपं. कोयना-वारणा पट्ट्यात खालून धक्का बसला, की सांगलीत खिडक्या वाजतात आणि ऑफिसचा फोन वाजतो. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाची पहाट ज्यांनी भोगली ती पिढी अजून आहे, तिला भीती वाटणारच. ‘भूगर्भ’ पानावरच्या सरांचं उत्तर ठरलेलं. पहिलं वाक्य: “३.१ रिश्टर लिहू नका, रिश्टर हे किलो-लिटरसारखं माप नाही, ‘रिश्टर स्केलवर ३.१’ लिहा.” दुसरं: “एका अंकानं वाढला की ऊर्जा साधारण ३२ पट.” तिसरं: “पुढचा कधी, हे कुणी सांगितलं तर त्याचं नाव मला कळवा.” मग कराडजवळच्या हजारमाचीत खोल बोअर घेऊन काय अभ्यास चाललाय त्याबद्दल कौतुकानं पाच मिनिटं. साडेसहा मिनिटांत काम झालं. खूण: ‘कधीही करावा.’

आकाशवाणी सांगलीवर बोललेले जुने सर तर आवाजावरून ओळखू येतात. ते आधी विचारतात, “किती शब्द?” ऐंशी म्हटलं की ऐंशीच येतात, पूर्णविरामासकट.

आता तक्रारी. पहिली तक्रार माझी माझ्यावरच आहे, ती आधी सांगते, नाहीतर बाकीच्या सांगायला तोंड उरणार नाही.

हळदीचा हंगाम होता. मार्केट यार्डात राजापुरी हळदीचे सौदे चढे निघत होते. कंदकूज, करपा असला काही रोग असला तर कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्रात फोन करायचा आणि निश्चिंत राहायचं, पण हा दराचा प्रश्न. म्हणून कृषी अर्थशास्त्राच्या एका सरांना विचारलं. ते म्हणाले, “आवक अशीच कमी राहिली आणि बाहेरच्या बाजारांतही माल आला नाही, तर महिनाभर दर टिकायला हरकत नाही.” पान सुटायला वीस मिनिटं. मथळा दोन कॉलमात बसेना. मी ‘आवक अशीच’ कापलं, ‘बाहेरच्या बाजारांत’ कापलं, ‘तर’ कापला. उरलं: ‘हळदीचे दर टिकणार’.

तीन आठवड्यांनी तासगाव तालुक्यातला एक शेतकरी ऑफिसात आला. साठीचा, पायात वहाणा, हातात पिशवी, पिशवीत घडी केलेला आमचा अंक. आवाज चढवला नाही. अंक टेबलावर पसरला, मथळ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, “बाई, हे वाचून मी माल ठेवला. पोरगीचं लगीन तोंडावर हाय. आता तुमच्या सरांस्नी इचारून सांगा, पोती कुठं ठिवू?”

मी त्यांना बसवलं, चहा मागवला. त्यांनी तो घेतला नाही. सरांना फोन केला, घडलं ते सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “माझा ‘तर’ कुठं गेला?” त्यानंतर त्यांनी आमच्या दैनिकाशी कधी बोलणं केलं नाही. वहीत त्यांच्या नावापुढे खूण आहे: ‘चूक आपली.’

म्हणून गुण द्यायचेच झाले तर देणाऱ्यांना पाचापैकी चार आणि घेणाऱ्या आम्हाला दोन.

देणाऱ्यांचा एक गुण कुठं गेला? बराचसा एका माणसापायी. प्रत्येक गावात असे एक सर असतात. कुठलाही विषय द्या, नाही म्हणत नाहीत. बिबट्या, जीएसटी, नवरात्र, चांद्रयान, तरुणाईचं नैराश्य, सगळ्यावर मत तयार. अर्थसंकल्पाच्या दिवशी अकराला लोकसभेत भाषण सुरू व्हायचं आणि बारा वाजून दहा मिनिटांनी यांची सहाशे शब्दांची प्रतिक्रिया व्हॉट्सॲपवर यायची. भाषण अजून संपलेलंही नसायचं. २०१९ ला निवडणुकीमुळे दोन अर्थसंकल्प झाले, फेब्रुवारीत अंतरिम आणि जुलैत पूर्ण. जुलैत आलेली प्रतिक्रिया मला कुठंतरी वाचल्यासारखी वाटली. मोबाइलमध्ये मागं जाऊन शोधलं तर फेब्रुवारीतलीच, फक्त शेवटी ‘अंतरिम’ हा शब्द काढलेला. ‘सर्वसमावेशक, तथापि शेतकऱ्यांच्या पदरी निराशा.’ खोटं कशाला बोलू, आम्ही ती दोन्ही वेळा छापली. बरोबर फोटो, नाव, पदवी, विभागप्रमुख, अमुक मंडळाचे सदस्य, तमुक समितीचे निमंत्रक. पदं सात ओळी, मत चार ओळी.

तेच सर पुढे यूट्यूब चॅनेलवर गेले. तिथं वेळेची मर्यादा नाही. सुखात आहेत.

४ जून २०२४ ला सांगली लोकसभेचा निकाल लागत होता. भाजप, ठाकरे यांची शिवसेना आणि ‘लिफाफा’ चिन्हावर अपक्ष उभे राहिलेले विशाल पाटील. तिरंगी लढतीत मतं फुटणार आणि अपक्ष मागे पडणार हे मला आधीच्या पंधरवड्यात तीन प्राध्यापकांनी फोनवर समजावून सांगितलं होतं, तक्त्यांसकट. अपक्ष लाखाच्या फरकानं निवडून आले. तिघांपैकी दोघांना दुपारी फोन केला, तर ‘मी म्हटलंच होतं’पासून सुरुवात. माझ्या टाचणात काय म्हटलं होतं ते समोर पडलेलं, पण बाईमाणसानं सरांना दाखवायचं कसं! तिसऱ्या एक मॅडम. त्या म्हणाल्या, “मला अपक्ष येतील असं वाटलं नव्हतं. का वाटलं नव्हतं, ते सांगते, तेवढं छापा.” आणि सांगितलं: पक्षांच्या आधीच्या मतांची बेरीज-वजाबाकी केली, पण जागावाटपात चिन्ह गेल्यावर काँग्रेसचा कार्यकर्ता घरी बसेल हे गृहीत धरलं, आणि तो बसला नाही. चूक कशी झाली याची त्या दिवशीच्या अंकात तीच एक चौकट होती. निकालाबद्दल सगळ्यात जास्त कळलं तेही त्याच चौकटीतून.

मॅडमवरून आठवलं. वहीत ६१ नावं आहेत, त्यांत बायका चार. चार! मी स्वतः बाई, आणि माझ्या वहीत ही गत. कितीतरी वर्षं मी म्हणत राहिले, “मॅडम लोक बोलतच नाहीत, ‘उद्या सांगते’ म्हणतात, नाहीतर ‘अमुक सरांना विचारा, त्यांना जास्त माहीत आहे’ म्हणतात.” मग एका मॅडमनी तोंडावर सांगितलं, “तुम्ही पावणेदहाला फोन करता. त्या वेळी माझ्या हातात पोळीचं पीठ असतं आणि सासूबाईंना इन्सुलिन द्यायचं असतं. दुपारी चारला कॉलेजात करा, तासभर बोलते.” चारला करायला लागले. बोलायला लागल्या. आता वाटतं, ही अक्कल पहिल्या वर्षी आली असती तर वहीतली पानं वेगळी दिसली असती.

आणखी एक गोष्ट लिहू की नको असं चाललंय, पण लिहितेच. एकदा द्राक्षबागांवर औषधं मारण्याबद्दल चौकट करायची होती. एका कॉलेजातल्या विभागप्रमुखांनी फोन घेतला आणि म्हणाले, “थांबा, आमच्याकडचा मुलगा आहे, त्याला देतो.” त्या मुलानं बेदाण्यापासून द्राक्षापर्यंत, फवारणीनंतर किती दिवस थांबायचं, निर्यातीला माल का परत येतो, सगळं इतकं स्वच्छ सांगितलं की मी मध्ये एक शब्द बोलले नाही. नाव विचारलं तर म्हणाला, “नाव सरांचं घाला मॅडम. मी तासिका तत्त्वावर आहे.” पीएचडी झालेला, नेट झालेला, तासाप्रमाणे पैसे, तेही वेळेवर नाहीत, आणि जूनमध्ये पुन्हा घेतील की नाही त्याचा भरवसा नाही. मी सरांचं नाव घातलं. मुलाचा नंबर वहीत आहे, पण नावाच्या जागी फक्त ‘द्राक्ष, मुलगा’ लिहिलंय. पुढच्या वर्षी तो नंबर बंद लागला.

सरकारी कॉलेजवाल्यांची अडचण वेगळी, त्यांना नियम आहेत, वरून परवानगी लागते, ते बिचारे ‘नाव न छापता’ बोलतात. नाव नसलेल्या तज्ज्ञाचं वाचकानं करायचं काय?

ही नवी मुलगी पत्रकारितेचा कोर्स करून आलीय. तिनं सांगितलं, लंडनमध्ये २००२ पासून सायन्स मीडिया सेंटर आहे. विज्ञानाची मोठी बातमी आली की तेच शास्त्रज्ञांना गाठतात आणि प्रतिक्रिया पत्रकारांकडे पाठवतात. ऑस्ट्रेलियात २०११ ला ‘द कॉन्व्हर्सेशन’ निघालं, तिथं प्राध्यापक स्वतःच लेख लिहितात आणि संपादक भाषा सोपी करतात. मी विचारलं, कापलेला ‘तर’ तिथं परत जोडता येतो का? म्हणाली, लेख बाहेर पडायच्या आधी लेखकाची मंजुरी लागते. हे मला आवडलं. आमच्याकडे वीस मिनिटं होती आणि ही वही.

वही दिली तिला. झेरॉक्सवाल्यानं पानं पुढेमागे केली, ती मीच बसून लावली. लावताना काही नावांवर काट मारावी लागली. दोघे वारले, एक अमेरिकेत मुलाकडे, एक आमदारकीच्या तयारीत.

पाण्याच्या सरांपुढची खूण मात्र बदलून दिलीय. त्यांना आता कमी ऐकू येतं, मोबाइल ते उचलत नाहीत. लँडलाइनवर करायचा, दहा-बारा रिंग होऊ द्यायच्या, मोठ्यानं बोलायचं. आणि फोन लावायच्या आधी आयर्विनची त्या क्षणाची पातळी हाताशी ठेवायची, कारण ‘हॅलो’च्या आधी ते तीच विचारतात.